पाच नंबरचं बटण

बाळंतपणाच्या रजेनंतरचा माझा पहिलाच दिवस. अख्ख्या ऑफिसचं काम चालवणारे आठ कॉम्प्युटर एकाच कीबोर्डवरून चालवता यावेत म्हणून आणलेला केव्हीएम स्विच मी रॅकमध्ये बसवला, चारही स्क्रू घट्ट पिळले. केबल काकांनी जोडल्या. काका म्हणजे आमचे मुख्य तंत्रज्ञ. ही खोली माझ्यावर सोपवायची की नाही, ते आज तेच ठरवणार होते.

"वर्षभर अंगाई गात होतीस, हात गंजले असतील," ते चिडवत म्हणाले. "चल, पाच नंबर बंद करून दाखव. तो आता मोडीतच जायचाय. पण बाकीच्यांना धक्का लागला ना, तर अख्खं ऑफिस बोंबलत इथे येईल!"

मी पाचचं बटण दाबलं. स्क्रीन उजळली. कोपऱ्यातलं कॉम्प्युटरचं नाव वाचलं आणि मी हात मागे घेतला.

"काय गं, विसरलीस ना?"

"काका, हा पाच नाही, दोन आहे. तुम्ही केबलची अदलाबदल केलीत."

काकांनी रॅकमागे डोकं घातलं. बाहेर आले ते कसनुसं हसतच. "अरे बापरे, खरंच की!" त्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "पण बटणावर ढळढळीत पाच लिहिलंय. तुला शंका आलीच कशी?"

"शंका कसली, सवय आहे. घरी जुळ्या मुली आहेत, काका. झबलं कुणाचंही असो, औषध पाजण्याआधी मी कानामागचा तीळ बघते."