गाणं संपेपर्यंत

थायलंडमध्ये आलो त्याच दिवशी मी लेकीला, सबेला, बजावलं होतं, "सकाळी आठला यांचं राष्ट्रगीत लागलं की जिथे असशील तिथे ताठ उभी राहा. हललीस की लगेच ओळखतील, ही बर्मी म्हणून."

आज मासळीबाजारात पोलिसाने माझा कामाचा परवाना बघून परत दिला. सबेकडे नव्हताच. त्याने तिचं मनगट धरलं, तेवढ्यात आठ वाजले. सगळा बाजार जागच्या जागी थांबला. सलाम करायला पोलिसानेही तिचा हात सोडला. मागची गल्ली मोकळी होती. 'पळ गं, पळ!' मी मनात ओरडत होते. ती झेंड्याकडे बघत ताठ उभी. मीही.

गाणं संपलं. पोलिसांच्या गाडीत चढताना तिने हळूच विचारलं, "आई, मी हलले नाही ना गं?"