वेल्डनचे हंस

रानहंस बांधावरून वळले, तरी डॅरेलने बंदूक मांडीवरच ठेवली. शेजारी बर्लकाकांनीही ठेवली. सकाळी गाडीत तसं ठरलं होतं.

“आज आपण दोघांनी बार काढायचा नाही,” डॅरेल म्हणाला होता. “बाबांना एकट्यांना मारू द्या. चुकले की त्यांचं त्यांनाच कळेल. मग मी बंदूक मागून घेतो. पुढच्या हिवाळ्यात ते घरी.”

“तो चुकेल कशाला?” बर्लकाका म्हणाले. “तीन हिवाळ्यांत वेल्डनचा एक बार फुकट गेलेला नाही. मी न्हाव्याच्या दुकानात सगळ्यांना सांगत असतो.”

काका जुन्या दोस्ताची लाज राखतायत, असं डॅरेलला वाटलं. कारण वेल्डन टॅकेटना, म्हणजे त्याच्या बाबांना, आता जवळजवळ दिसत नव्हतं. गेल्या रविवारी चर्चबाहेर त्यांनी टपालपेटीच्या तब्येतीची चौकशी केली होती, आणि ती उत्तर देईना म्हणून तिच्यावर रागावलेही होते. असा माणूस भरलेली बंदूक घेऊन, शिकारीला लपून बसण्यासाठी भाताच्या बांधात पुरलेल्या लोखंडी खोक्यात आपल्याला खेटून बसतो, या विचाराने डॅरेलची झोप उडाली होती. आज शिकारीच्या मोसमाचा शेवटचा दिवस होता. सांगायचं तर आजच.

या खोक्यात तो बारा वर्षांचा असल्यापासून बसत आला होता. तेव्हा थर्मासमधली कॉफी आईने केलेली असायची. आर्कान्सातलं सगळं आभाळ उत्तरेकडून येणाऱ्या पाखरांनी करडं व्हायचं. बाबा उभे राहिले की एका बारात एक, दुसऱ्या बारात दुसरं. डॅरेल मात्र दचकायचा. बार सुटताना त्याचे दोन्ही डोळे गच्च मिटायचे. पन्नाशी उलटली तरी मिटत होते. ते उघडेपर्यंत पाखरू पाण्यात पडलेलं असे.

तिघांनी एकदम झाडलं की पाखरू कुणाचं हे देवालाही सांगता यायचं नाही. म्हणून या खोक्याची रीत होती: ज्याचं नाव आधी घेतलं जाईल, त्याचं. तीन हिवाळे डॅरेल सगळ्यांच्या आधी “बाबांचा” म्हणत आला होता. मारत होते बर्लकाका, यात त्याला शंका नव्हती.

बाबांनी हंसांना साद घालायची पिपाणी ओठांना लावली. ही कला अजून शाबूत होती. वर चाललेला थवा बोलता बोलता थांबला, फिरला आणि पाय सोडून खाली आला.

“आता,” बाबा म्हणाले. ते उभे राहिले, बंदूक खांद्याला लावली.

काहीच झालं नाही. हंस माणसांकडे बघत राहिले, माणसं हंसांकडे. मग अपमान झाल्यासारखा थवा उठून निघून गेला.

“कुणी मारलं का नाही?” बाबांनी विचारलं.

“तुम्ही का नाही मारलं?”

“मी?” बाबांनी बंदूक उघडून पुढे धरली. दोन्ही नळ्या रिकाम्या होत्या. “तीन वर्षं मी काडतूसच घातलेलं नाही. मला दिसत नाही, डॅरेल. आणि शेजारी तू असतोस.”

“मग येत कशाला होतात?”

“लहानपणी पाखरू पडलं की तू असाच माझं नाव घेऊन ओरडायचास. मला ठाऊक होतं, मारतोय बर्ल आणि खेळवताय तुम्ही मला. म्हटलं, खेळवू दे, तेवढंच ते पुन्हा ऐकायला मिळतं.”

बर्लकाकांचा चेहरा उतरला. “म्हणजे ते तू मारले नाहीस? अरे, मी त्या न्हाव्याशी भांडलोय तुझ्यासाठी.” त्यांनी आपली बंदूक उघडली. तीही रिकामी. “तीन वर्षांपूर्वी खांद्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर म्हणाला, बंदुकीचा एक धक्का बसला की खांदा हातात येईल. तुम्हाला सांगितलं असतं तर घरी बसवलं असतंत.”

दोन्ही म्हातारे डॅरेलकडे वळले. एक बघून, दुसरा अंदाजाने.

“शक्य नाही,” डॅरेल म्हणाला. “मी डोळे मिटतो.”

“अजून?” बाबा म्हणाले.

“अजून.”



“म्हणजे तीन हिवाळे मी चुकीच्या टॅकेटला खेटून बसलोय,” बर्लकाका म्हणाले आणि जरा लांब सरकले.

बाबांनी हात वर केला. इतर दोघांना अजून काही ऐकू येत नव्हतं. “सहा-सात आहेत. परत उत्तरेला निघालेले. मी आणतो खाली. तू डोळे उघडे ठेव.”

पिपाणी वाजली. हंस खरंच खाली आले. डॅरेल उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने ते सगळं पाहिलं: पोटावरचे काळे पट्टे, नारिंगी पाय, पंखांतून गळणारं उन्ह, त्याच्याकडे वळलेला एक काळाभोर डोळा. बाबा इतकी वर्षं हे बघत होते तर. त्याने चाप ओढला.

बार शेतभर घुमला. हंस एका रांगेत आले आणि निघून गेले. सगळेच्या सगळे. डॅरेल ते ठिपके होईपर्यंत बघत राहिला.

“बाबा,” तो म्हणाला, “पुढच्या हिवाळ्याचं मला तुमच्याशी...”

बाबा कान देऊन पंखांचा आवाज मोजत होते.

“चुकलास,” ते समाधानाने म्हणाले. “आता मला यावंच लागणार.”