मंगळवारसारखं

नववर्षाला गावी निघालेल्यांची रांग ताइचुंगच्या बसस्टँडबाहेर गेली होती आणि तिकिटांचा कॉम्प्युटर सकाळपासून मान टाकून बसला होता. मंगळवारी तो ठणठणीत होता, म्हणून मी त्याला बॅकअप वापरून तीनदा मंगळवारच्या स्थितीवर नेऊन ठेवलं. तिन्ही वेळा तो दहा मिनिटं चालला आणि पुन्हा बंद!

"मंगळवारी त्याच्या डोक्यावर खाऊचं हिरवं पाकीट होतं," झाडता झाडता चुआंग मावशी म्हणाल्या. "ते असलं की मशीन शहाण्यासारखं वागतं. कुठं गेलं ते?"

"मी खाल्लं, मावशी! भूक लागली होती. आणि मी इंजिनिअर आहे, देवळातला पुजारी नाही!" मी खेकसलो.

शेवटी तैपेईच्या मुख्य कार्यालयाला फोन लावला. चाळीस मिनिटं ताटकळल्यावर आमचे सगळ्यात मोठे तज्ज्ञ, ओयांग साहेब, फोनवर आले. मी बिघाडाचं पहिल्यापासून सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर ते म्हणाले,



"ते सगळं ठीक आहे रे. आधी एक सांग, मशीनवर ठेवायचं ते खाऊचं हिरवं पाकीट कुणा गाढवानं खाल्लं तर नाही ना?"