पैलवानाचा बोल्ट

शेवटचा बोल्ट काही केल्या हलेना.

मिस्त्री जुन्या गाडीच्या बॉनेटखाली कमरेत वाकले होते आणि सून शेजारी दिवा धरून उभी होती. वॉटर पंपाचे बाकीचे बोल्ट कुरकुरत का होईना, निघाले होते. गंजून तांबडे झालेले, आटे झिजलेले ते सगळे डब्यात पडले होते. तळाचा हा एकटा अडून बसला होता. तो निघाल्याशिवाय पंप उतरणार नव्हता, नवा पंप बसल्याशिवाय गाडी चालणार नव्हती, आणि गाडी रविवारी चालायलाच हवी होती. रविवारी सुनेचं दुसरं लग्न होतं. "तुला मीच नेऊन सोडणार, आणि तेही आपल्या गाडीतून," असं मिस्त्रींनी आपल्या तोंडानं सांगितलं होतं. बोलून बसले होते खरे.

"पैलवानाचं काम हे," ते पुटपुटले.

पैलवान म्हणजे त्यांचा मुलगा. अंगानं नुसती काडी, पण पाना हातात आला की जीव खाऊन आवळायचा. "अरे, बोल्ट आहे की वैरी?" म्हणून मिस्त्री ओरडायचे, आणि हा दात काढत आणखी अर्धा फेर द्यायचा. हा पंप त्यानंच बसवलेला. मग तो अंथरुणाला खिळला आणि गाडी ताडपत्रीखाली गेली.

तो गेला तेव्हा दारात येणारा जो तो एकच बोलत होता, "सुटला बिचारा." मिस्त्रींना तेव्हा काही वाटलं नाही आणि अजूनही वाटत नव्हतं. आत सगळं लाकूड झालं होतं. फक्त तो शब्द कानांना सोसेना. आणि गॅरेजात तर दिवसभर तोच! शेवटी ते म्हणाले, "सुटला म्हणायचं नाही. निघाला म्हणा." झालं. तेव्हापासून त्या घरात काही सुटत नव्हतं, सगळं निघत होतं. एकदा एक गिऱ्हाईक घाईघाईनं आत शिरलं, "सायलेन्सर सुटलाय हो माझा!" तर सून पटकन म्हणाली, "निघालाय." तो माणूस बावचळून तिच्याकडे बघतच राहिला.

मिस्त्रींनी पान्याला पाईप अडकवला. जरा रेटला. पुन्हा काढून अडकवला.

"बाबा," सून म्हणाली, "तुम्ही जोरच लावत नाही आहात."

"लावतोय की."

"नाही लावत."

खरं होतं ते. मघापासून त्यांच्या डोक्यात एकच घोळत होतं, की तुटला तर बरं. बोल्टाचं डोकं तुटून हातात येईल, उरलेला आत अडकेल, रविवार निघून जाईल. असला विचार मनात आल्याची लाजसुद्धा त्यांना वाटली नाही.

सुनेनं दिवा जवळ घेतला. "तुम्ही नको म्हणालात तर मी नाही जाणार. पण तसं तोंडानं सांगा. बोल्टावर ढकलू नका."

स्वयंपाकघराच्या खिडकीत भांड्यांचा आवाज थांबला. तिथं मिस्त्रीणबाई होत्या. लग्न ठरल्यापासून त्या सुनेशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. जेवणाची हाकसुद्धा एकट्या मिस्त्रींना, "हात धुवा." सुनेचं ताट मुकाट्यानं वाढलं जाई.

मिस्त्री सरळ झाले. कंबर कडकड वाजली. त्यांनी पाना सुनेच्या हातात दिला आणि दिवा आपल्याकडे घेतला.

"आधी आवळ," ते म्हणाले.

"आवळू? अहो, आधीच त्यानं केवढा..."

"त्याच्याही पुढे, केसभर. गंज फुटतो. मग उलटा फिरव."

तिनं पाय रोवले आणि पाईपावर अंग टाकलं. कट् असा आवाज झाला. दोघंही जागच्या जागी थिजली.

"तुटला?"

"नाही. आता उलटा."

बोल्ट किरकिरला, अडखळला, आणि फिरू लागला. शेवटचे आटे तिनं बोटांनीच काढले. "निघाला," ती जपून म्हणाली आणि तो त्यांच्या तळहातावर ठेवला.

डोक्याच्या खाली, जिथं पाणी पोचलं नव्हतं, तिथं तो अजून चकचकीत होता. आता काहीतरी वाटेल म्हणून मिस्त्री थांबले. कंबर दुखत होती, बाकी काही नाही. त्यांनी तो इतरांबरोबर डब्यात टाकला.

जुना पंप उतरला, नवा चढला. नव्या बोल्टांना मिस्त्रींनी ग्रीस लावून दिलं. शेवटच्या बोल्टाला सून दात-ओठ खाऊन भिडली, अगदी नवऱ्यासारखी.

"बास, बास. बसला की थांबायचं," मिस्त्री म्हणाले. "पुढं कधी तरी कुणाला तरी तो काढायचा असतो."

मिस्त्रीणबाई केव्हाच्या दारात येऊन उभ्या होत्या. इंजिनाकडे बघत त्यांनी विचारलं, "निघाला का हो, त्याचा तो?"

मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले. एकेक बोट पुसलं.

"सुटला," ते म्हणाले.

सुनेनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मिस्त्रीणबाईंनी दाराची चौकट धरली. मग आत वळता वळता म्हणाल्या, "हात धुवा आता. दोघंही."