पाळीपाळीने

ती नर्स. पाळणाघराचे पैसे वाचावेत म्हणून तिने सकाळची पाळी धरली आणि छापखान्यातल्या नवऱ्याने दुपारची. दारातच लेक त्याच्या कडेवरून तिच्या कडेवर यायची आणि "जेवलीय, पण झोपली नाही" एवढं सांगून तो जिन्यावरून पळत सुटायचा. वर्षभरात चार पैसे गाठीशी पडले, पण तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

"एक दिवस तरी तिघं मिळून घरी बसू," म्हणत तिने नवऱ्यालाही आपल्याबरोबर रजा टाकायला लावली.

त्या दिवशी सतरंजीवर ठोकळे मांडून तिघं बसले. तीन वर्षांची लेक मात्र सारखी दाराकडे बघत चुळबुळत होती.

"काय गं चिमणे, काय झालं?"

लेकीने बाबाच्या चपला उचलून त्याच्यापुढे आणून ठेवल्या. "बाबा, आई आहे ना घरी? मग तू जा आता."