आखाजीचा मुराळी

एकशे बाराव्या पानावर विधवा तिजोरीपाशी पोहोचली आणि नेमकं तेव्हाच रूपालीचं नाव पुकारलं गेलं. तिने पानाचा कोपरा दुमडला, कादंबरी पर्समध्ये कोंबली आणि निबंधक कार्यालयातल्या बाकावरून उठली. तिच्याआधी तिचा धाकटा भाऊ नवल उठला होता. कागद त्याच्या हातात होते.

"ताई, आठे आन् आठे, दोनच सह्या," तो बोटाने जागा दाखवत म्हणाला. "वाचानी काय गरज नही. बठ्ठं बरोबर लिखेल शे."

"वाचू तं दे रे. पुस्तकबी मी शेवटपावत वाचस."

ती वाचू लागली. हक्कसोडपत्र. एमआयडीसीच्या कुंपणाला लागून असलेल्या वडिलांच्या शेतातला आपला वाटा ती भावाला कायमचा सोडून देत होती, 'नैसर्गिक प्रेम व मायेपोटी, विनामोबदला'.

धक्का वगैरे काही बसला नाही. जळगावच्या वाचनालयातली रहस्यकथांची दोन कपाटं तिने फस्त केली होती. चोर तिला तिसाव्या पानावर सापडायचा. हा तर पहिल्याच पानावर सापडला होता. नवरा गेल्यापासून तीन आखाज्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे सण, कोरड्या गेल्या. गल्लीतल्या प्रत्येकीला माहेरी न्यायला कुणी ना कुणी मुराळी यायचा, हिच्या दारात कुणी फिरकलं नाही. यंदा मात्र नवल स्वतः आला, गाडी घेऊन. निघताना 'आधार कार्ड ऱ्हावू दे संगे' असं अगदी सहज म्हणाला. घरी त्याच्या बायकोने, शीतलने, तिला कशाला हात लावू दिला नाही. खापरावरची पहिली पुरणपोळी तिच्या ताटात पडली, आणि आठ दिवस तरी राहाच म्हणून गळ घातली गेली. शेजारपाजारच्या लेकी झोक्यावर गाणी म्हणत होत्या आणि इकडे रूपालीच्या मनात पाल चुकचुकत होती. तीन वर्षं थंड पडलेलं दूध एकाएकी उतू जायला लागलं, तर जाळ कुणी लावला ते बघायला गुप्तहेर लागत नाही.

तिच्या कादंबरीतली विधवा नवऱ्याच्या तेराव्यालाच सराफाच्या तिजोरीचा नकाशा काढते. दुसऱ्या एकीतली गुप्तहेर बाई पुरावा गुन्हेगाराच्या तोंडावर फेकते आणि वर चहा मागवते. रूपालीला एवढंही करायचं नव्हतं. सही करत नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण त्या बायकांना माहेरच नसतं. लिहिणारा ते आधीच मारून टाकतो, म्हणून त्यांना नाही म्हणता येतं. हिला आई नव्हती, वडील नव्हते, जळगावच्या दोन खोल्यांत वाट बघणारं कुणी नव्हतं. 'ताई' म्हणणारा जगात हा एकच माणूस होता, आणि चोरही तोच होता. तिने कागद टेबलावर ठेवले.

"बाई, वाचून, समजून, राजीखुशीने करताय ना?" टेबलामागच्या अधिकाऱ्याने मान वर न करता विचारलं.

नवलने घसा खाकरला.

"राजीखुशीने," रूपाली म्हणाली.

सह्या झाल्या, फोटो झाला. अंगठा दोनदा उमटला नाही, तेव्हा नवलने लगबगीने आपला रुमाल पुढे केला. ती अंगठा पुसत असताना तो तिच्याकडे नाही, मशीनकडे बघत होता.

गाडीत बसल्यावर तिला उगाच हलकं वाटलं. शेत गेलं तर गेलं, उंबरठा राहिला. पुढच्या आखाजीलाही नवलच येईल. आता न येऊन सांगतो कुणाला? ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. गावाचा फाटा आला आणि मागे गेला.

"फाटा गया रे."

"तुले नरडाणा टेशनवर सोडस ताई," नवल समोर बघत म्हणाला. "दोननी पॅसेंजर सापडी जाई. सांजले शीतलना माहेरना लोके येणार शेतस, घरमा गर्दी व्हयी."

"आन् मनी बॅग?"

"डिक्कीमा शे. शीतलनी भरी दिधी."

त्याने बॅग फलाटाच्या दारापर्यंत आणून दिली. पाया पडला. "फोन करजो," म्हणाला आणि गाडी वळवून निघून गेला.

गाडीला वेळ होता. फलाटावरच्या बाकावर बसून रूपालीने बॅग उघडली. शीतल कामाची मोठी नीट. साड्या घडी करून ठेवल्या होत्या, चार्जरची वायर गुंडाळून रबर लावलेलं होतं, पोळ्यांचा डबाही होता. सगळ्यात वर, कपडे भिजू नयेत म्हणून, तिने सकाळी केस पुसलेला टॉवेल वेगळ्या कॅरीबॅगमध्ये घातला होता. तो तिने बाहेर काढला. चिंब होता, पिळला तर पाणी निघेल इतका.

वैशाखाच्या त्या उन्हात दोरीवर टाकलेला टॉवेल पाव तासात कडक होतो. हा दोरीवर गेलाच नव्हता. म्हणजे सकाळी नऊला ती अंघोळ करून बाहेर आली, ओट्यावर बसून शीतलने दिलेला चहा पीत होती, शीतल 'अजून घ्या ना ताई' म्हणत होती, तेव्हाच बॅग भरून झाली होती. सही व्हायला तेव्हा अजून चार तास होते.