कातडीखालचं यंत्र

यंत्रमागांच्या खडखडाटात व्यंकम्माचे कान केव्हाच गेले होते. आता कवटीच्या हाडातून आवाज पोचवणारं यंत्र कारखाना फुकट बसवून देत होता. डॉक्टरांचं बोलणं ती ओठांवरून ओळखत होती. मागावरच्या सगळ्या बायकांना ती सवय होती.

"आजी, जुन्या पद्धतीत चीर, टाके, आणि हाडातला खिळा कातडीबाहेर राहणार. त्यावर यंत्र लावायचं, नको तेव्हा काढायचं. नव्या पद्धतीत बारीक भोक, सगळं कातडीखाली. खूणसुद्धा उरत नाही."

"मग नवंच बसवा. खिळ्यात माझे उरलेले चार केस अडकायचे!"

डॉक्टर हसत तयारीला गेले. नर्स सरोजा पूर्वी व्यंकम्माच्या शेजारच्या मागावर होती. तिनं नवं यंत्र गेल्या वर्षीच बसवून घेतलं होतं.

"त्रास नाही ना गं?"

"काहीच नाही, मावशी." असं म्हणून सरोजानं व्यंकम्माचा हात आपल्या गळ्यावर ठेवला आणि पुन्हा ओठ हलवले. हाताखाली गळा थरथरला नाही. ती आवाज न काढता बोलत होती.

"हे बंद होत नाही. कारखाना झोपेतही डोक्यात बोलतो. माझ्याजवळचा प्रत्येक शब्द त्यांना ऐकू जातो. जुनं मागा."

तेवढ्यात डॉक्टर आले.

"मला खिळाच बसवा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी सरोजाकडे रोखून पाहिलं. "आत्ता तर नवं म्हणत होतात. कुणी काही सांगितलं?"

सरोजाचा चेहरा पांढरा पडला.

"सांगितलं तरी," व्यंकम्मा हसली, "मला ऐकू कुठं येतंय?"